ओट्यावरचा उंट

"हमीदच खरा होता गड्या. उंट घरातच ठेवा लागते."

ओट्यावर इंगळे गुरुजी कुणाला तरी सांगत होते आणि मी आत, दाराला लागून, चाचींजवळ बसून ऐकत होते. हमीदचाचांना जाऊन चाळीस दिवस झाले होते, आज चाळिसावा होता. जेवणं उरकली होती. गुरुजी पुढे म्हणाले, "वीस वर्सं भांडलो त्याच्यासंगं. पण या पोरीनं त्याच्याच पद्धतीनं खेळून मलकापूरहून कप आणला. सबूतच देल्ला तिनं. आता मी बी उंट बाहेर काढत नाही." तो सबूत, त्या डावाच्या चालींचा कागद, माझ्या डोक्यावरच, चौकटीला खिळा ठोकून, लॅमिनेट करून लटकवलेला होता. माझ्याच अक्षरात. आणि तो साफ खोटा होता...

धामणगाव बढ्यात आमची घरं समोरासमोर. चाचा फरशी बसवायचे. त्यांनी बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलत नाही, असं लोक सांगत. स्वतःच्या ओट्यावर मात्र उरलेल्या काळ्या-पांढऱ्या तुकड्यांचा त्यांनी बुद्धिबळाचा पट बसवला, सिमेंट वाळलं, आणि गुरुजींनी खेळायला बसल्या बसल्या चूक काढली. खेळणाऱ्याच्या उजव्या हाताला कोपऱ्यात पांढरं घर हवं, इथे काळं होतं. पट उखडायचा तर ओटा फुटणार. मग दोघं काटकोनात फिरून बसले. त्यामुळे पांढऱ्याची जागा आली थेट दारात, उंबऱ्याच्या आत मांडी घालून, आणि काळ्याची ओट्याच्या काठावर, एक पाय नालीवर सोडून. पांढरे मोहरे आळीपाळीने घ्यायचे, म्हणजे दर डावानंतर दोघं उठून जागा बदलायचे, आणि चाची चहाचा ट्रे घेऊन बसलेल्या माणसाला वळसा घालत राहायच्या. "मेरेकू मेरे घर में आनेकू इनके वजीर की परमिशन लगती," असं त्या येईल त्याला सांगायच्या.

मी मोताळ्याच्या इंग्रजी शाळेत जायचे. गल्लीतल्या मुलींशी काय बोलावं ते मला कळत नसे, म्हणून शाळेची व्हॅन सोडून गेली की मी चाचांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. बुद्धिबळात बोलावं लागत नाही. शिवाय ते दोघं इतकं बोलायचे की तिसऱ्याची गरजच नव्हती. भांडण एकाच गोष्टीवरून. पांढऱ्याने सुरुवातीला प्याद्यांची छोटीशी भक्कम भिंत बांधायची, मग समोरचा काहीही खेळो, यावर दोघांचं एकमत होतं. प्रश्न वजिराशेजारच्या उंटाचा. चाचांचा उंट भिंतीमागे थांबायचा, सगळं बांधकाम झालं की मगच निघायचा. "भिंत झाल्याबिगर सामान बाहेर कोन मांडते?" गुरुजींचा उंट आधी बाहेर पडायचा, मग भिंत. "अरे, पण एकदा दार चिनलं की तुया उंट काय खिडकीतून उडी मारन काय?" असं रोज, संध्याकाळी पाचपासून.

नववीत मी मोबाइलवर पाहिलं, गुरुजींच्या पद्धतीला जगभर 'लंडन सिस्टिम' म्हणतात. फार धीर करून मी ते चाचांना सांगितलं. त्यांनी हातातलं प्यादं खाली ठेवलं. "लंडनले उंट असते काय, बेटा?" मी म्हटलं, नाही. "मंग त्यायले उंटाचं काय समजते?" विषय संपला. ओट्यावर मी चाचांसारखी खेळत राहिले. पण मोबाइलवर, दार लावून, माझा उंट रोज लंडनला जायला लागला. मला तोच जास्त जमायचा. आत कोंडलेल्या उंटाचं मला वाईट वाटायचं, हे मात्र मी कुणालाच सांगू शकले नसते.

अकरावीत मलकापूरच्या स्पर्धेतला शेवटचा डाव मी तसाच जिंकला. एसटीतून उतरले तर चाचा स्टँडवर उभे, कपड्यांवर सिमेंट तसंच. "कोनता डाव खेळली?" माझ्या तोंडून निघालं, "आपलाच." एवढंच. त्यांनी तिथल्या तिथे चारजणांना चहा पाजला आणि सगळ्या चाली लिहून मागितल्या. मी त्या संध्याकाळी गणिताच्या रफ वहीत एक अख्खा डाव रचला. त्यात पांढरा उंट शहाण्यासारखा घरात बसलेला होता आणि काळं कोण खेळतंय देव जाणे, इतकं मदत करणारं होतं. दोन दिवसांनी चाचांनी मला हाक मारली. पटावर माझा डाव मांडलेला. "बेटा, हे काळं प्यादं अकराव्या चालीत मेलं. सतराव्या चालीत तू त्याले परत मारलं." मी म्हटलं, "लिहिताना चुकलं असेल." त्यांनी ते प्यादं बोटांत फिरवून पटाबाहेर ठेवलं. "हाव... लिहितांना चुकते." आणि कागद घेऊन झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन करायला गेले. गुरुजींनी तो कधीच वाचला नाही. हरलेल्या माणसाने सबूत वाचायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं.

मी बुलढाण्याला कॉलेजात गेले, तेव्हा निरोप घ्यायला ओट्यावर गेले. चाचा हळूच म्हणाले, "बाहेर कसं बी खेळ, बेटा. मी हाय तवर ओट्यावर उंट आतच ठेवजो." आणि हसले. मीही हसले, पण ते नक्की कशाला हसले हे विचारायचं धाडस झालं नाही. उन्हाळ्यात आईचा फोन आला. दुपारच्या, जोहरच्या नमाजला निघताना चाचा उंबऱ्यातच बसले होते, आपल्या पांढऱ्याच्या जागेवर... आणि उठलेच नाहीत.

चाळिसाव्याला हे सगळं डोक्यात फिरत असताना चाची माझ्याजवळून उठून आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. दारात कुणीही नव्हतं. तरी त्यांनी नेहमीचा वळसा घातला, ट्रे उंच धरून, पदर सावरून, आणि मग रिकाम्या जागेकडे बघून म्हणाल्या, "अब तो रस्ता मोकळा है ना." ट्रे माझ्या हातात दिला. मी तो गुरुजींपुढे ठेवला आणि परत आत जायच्या ऐवजी उंबऱ्यात मांडी घातली. व्हाइट सिमेंटच्या जुन्या डब्यातून मोहरे काढून मांडले. गुरुजी समोर आले आणि नालीवर एक पाय सोडून बसले. मी वजिराचं प्यादं दोन घरं पुढे केलं. त्यांनीही केलं. मग माझा हात उंटाकडे गेला.

"काऊन वो पोरी?" गुरुजी दचकले. "आज तरी त्याले घरात राहू दे. हमीद पाहून राह्यला असंन."

मी उंट बाहेर काढला, पुढे गेलेल्या प्याद्याच्या रांगेत नेऊन ठेवला. मग मान वर करून, ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गुरुजी, मलकापूरले मी उंटच पहिले काढला होता. तो कागद खोटा हाय. चाचाले माहीत होतं."