दाजींचं खारं पाणी

मराठवाड्यात समुद्र नाही, हे विधान जगात कुठेही करावं, आमच्या दाजींच्या बैठकीत मात्र करू नये. तिथे भिंतीला लागून चार फुटांचा, अडीचशे लिटरचा, चांगला खारट समुद्र उभा आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. उदगीरला त्यांचं खताचं दुकान आहे, दुकानामागे गोदाम आणि गोदामाला चिकटून घर. पोट दुकानदाराचं, मिशा फौजदाराच्या आणि आवाज असा की समोरच्या माणसाला आपण बरोबर असलो तरी शंका यावी. शेतकरी तुरीचं पिवळं पडलेलं पान घेऊन आला की दाजी ते उन्हात धरून एकदाच बघतात आणि निकाल देतात, "लई टाकलंस. थांब आता." त्यांचा निकाल बहुधा खरा ठरतो, आणि आमची अडचण नेमकी तीच आहे. खरं ठरायची सवय लागलेल्या माणसाला घरात सांभाळणं सोपं नसतं.

हा समुद्र घरात आला तो अक्काच्या डोळ्यापायी. ऑपरेशनला तिला हैदराबादला नेलं होतं. त्या दवाखान्यात समुद्री माशांचा मोठा टँक होता. दाजी त्याच्यासमोर तीन तास बसले. अक्का पट्टी बांधून बाहेर आली तेव्हा हे काचेला नाक लावून उभे, बायको आल्याचं भानच नाही. "पोरीचा डोळा नीट झाला अन् जावयाचा बिघडला," असं आमची आई अजून सांगते. पुढे वर्षभरात काच आली, दिवे आले, पोत्याने विकत मिळणारं समुद्राचं मीठ आलं, आणि मुंबईहून थर्माकोलच्या खोक्यांतून दोन केशरी मासे आणि पाच-सहा जिवंत पोवळी आली. पोवळं म्हणजे अंगठीतला खडा एवढंच ज्यांना ठाऊक, अशा पाहुण्यांना दाजी टँकसमोर बसवून सांगत, "दगड न्हाई तो. जीव हाय. त्याला तोंड हाय, भूक हाय. जरा हळू बोला." स्वतः मात्र हे सगळं ओरडूनच सांगत.

मी नांदेडहून महिना-दीड महिन्याने जायचो. चपला काढायच्या आत दाजी काचेच्या छोट्या नळीत टँकमधलं पाणी घेऊन उभे असायचे. त्यात औषधाचे थेंब टाकायचे, पुडी सोडायची, हलवायचं आणि रंगाच्या तक्त्याशी ताडून बघायचं. पाणी जितकं निळं, तितकं त्यात फॉस्फेट जास्त. थोडं हवं, पण अगदी थोडं. वाढलं की दगडांवर शेवाळ माजतं आणि पोवळी आक्रसतात.

मागच्या साली तेच झालं. दगडांवर हिरवे केस उगवले. नळी अशी निळी झाली की अक्का म्हणाली, "शाई टाकली का तुमी?" दाजी मात्र डगमगले नाहीत. "मेव्हणे, फॉस्फेटशी माझी तीस वर्षांची वळख हाय. आपल्या दुकानातलंच लेकरू ते. कान धरून भाईर काढतो." आणि खरंच, दिवसाकाठी दोन पोती डीएपी, म्हणजे फॉस्फेटचंच खत, विकणारा हा माणूस संध्याकाळी घरात त्याच्याच कणाकणाशी झुंजू लागला.

आधी माशांचं जेवण निम्म्यावर आलं. मग त्या जेवणाला सुटणारं पाणी गाळून काढून टाकायला हवं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. माशांचं जेवण म्हणजे गोठवलेली बारीक कोळंबी. आमच्या शाकाहारी घरात ती आइस्क्रीमच्या डब्यात, डब्याला तीन पिशव्या गुंडाळून, अक्काने सवलत म्हणून दिलेल्या फ्रीजरच्या एका कोपऱ्यात राहायची. एकदा दुपारी माझ्यासमोर अक्का चहा गाळता गाळता थांबली. गाळण्याच्या जाळीत गुलाबी काहीतरी अडकलेलं होतं. तिने ते नखाने काढून बघितलं, नाकाजवळ नेलं, आणि अत्यंत शांतपणे गाळणं खिडकीबाहेर फेकलं. "धुतलं होतं की मी," दाजी म्हणाले. त्यानंतर आठ दिवस त्या घरात दोघांचाही चहा दाजीच करत होते.

तरी रंग उतरेना. मग त्यांनी फॉस्फेट शोषून घेणारे लोखंडाचे तांबूस दाणे मागवले. डब्यावर लिहिलं होतं, थोडेथोडे वापरा. दाजींनी दुप्पट घातले. तिसऱ्या दिवशी नळी पांढरी स्वच्छ. मला फोन आला, "जिंकलो, मेव्हणे!" पाचव्या दिवशी पुन्हा फोन आला. आवाज ओळखू येईना. "येतो का?" एवढंच म्हणाले.

गेलो तर दाजी टँकसमोर खुर्ची टाकून बसलेले. फांद्याफांद्यांचं जांभळं पोवळं होतं, त्यांचं सगळ्यात लाडकं. ते टोकांपासून पांढरं पडत गेलं होतं. अंगावरचं मांस सुटून खाली नुसता सांगाडा राहिला होता. पाणी एकाएकी बदललेलं त्या जिवाला सोसलं नव्हतं.

"लोकांला सांगतो, थांब, लई टाकू नको," दाजी काचेकडे बघत म्हणाले. "अन् सोता काय केलं? घाई. उपाशी मारलं मी त्याला."

त्या माणसाला असं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.  अक्काने चहा आणून त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या शेजारी खाली बसली. तिला टँकसमोर बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दाजी हळू चालायला शिकले. दाणे चमच्याने मोजून. शेवाळ रोज चिमटीने उपटायचं. आठवड्याला टँकमधलं थोडं पाणी काढून नवं घालायचं. पण एक विचित्र गोष्ट घडू लागली. नवं पाणी घातलं की निळा रंग उतरायच्या ऐवजी चढायचा. दाजींनी मिठाला दोष दिला, फिल्टरला दिला, उदगीरच्या पाण्याला दिला.

"नवं पाणी कुठं ठिवता तुमी?" एके दिवशी अक्काने विचारलं.

"गोदामात. पिपात."

"झाकण?"

"हाय की. अर्धं."

अक्का उठली, पदराचं टोक घेऊन गोदामाच्या दाराची चौकट पुसली आणि पदर त्यांच्यासमोर धरला. त्यावर राखाडी पूड होती. "तीस वर्षं झाली, रोज पुसतेय मी हे. देवाच्या फोटोवर बसतंय, भांड्यावर बसतंय. तुमच्या पिपावर बसत न्हाई व्हय?"

दाजींनी तिथल्या तिथे दोन नळ्या भरल्या. एकीत थेट फिल्टरचं पाणी, दुसरीत पिपातलं. पहिली पांढरी राहिली. दुसरी निळी झाली. पोती उतरवताना उडणारं खत पिपात पडत होतं आणि दाजी ते दर आठवड्याला स्वतःच्या हाताने टँकमध्ये ओतत होते. दोन्ही नळ्या त्यांनी उजेडात धरल्या. मग इतक्या मोठ्याने हसले की दुकानातलं गिऱ्हाईक आत डोकावलं.

पीप धुऊन स्वयंपाकघरात आलं, झाकणावर अक्काने पाटा ठेवला. दुकानातून आल्यावर सदरा बदलल्याशिवाय आणि कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय बैठकीत पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम निघाला. दोन महिन्यांत रंग उतरत उतरत फिकट आभाळासारखा झाला आणि तिथेच दाजींनी थांबवला. उरलेली पोवळी पुन्हा फुलली. मेलेल्याचा सांगाडा मात्र त्यांनी काढू दिला नाही.

यंदा अक्काची मुलगी मुंबईला नोकरीला लागली, तेव्हा आम्ही तिघं तिला सोडायला गेलो. दाजींनी खरा समुद्र तोवर पाहिलेला नव्हता. किनाऱ्यावर लोक फोटो काढत होते. दाजींनी विजार गुडघ्यापर्यंत वर घेतली, पाण्यात शिरले आणि खिशातून नळी काढली. थेंब, पुडी, हलवणं. नळी गडद निळी झाली. आमच्या वाईटातल्या वाईट आठवड्यातही इतकी झाली नव्हती.

"ह्याला कोन बघतंय?" ते म्हणाले.

 मग नेहमीच्या आवाजात, जणू समोर शेतकरीच उभा आहे अशा थाटात, ते म्हणाले, "आपलं खत न्हाई हे. आपलं पानी मांजरेतनं गोदावरीत, अन् गोदावरी पार तिकडं पूर्वेच्या समुद्राला." लाटा त्यांच्या पिंढऱ्यांवर आदळत होत्या. थोड्या वेळाने आवाज खाली आला. "तिकडं बी एकदा जाऊन यावं म्हंतो."

अक्काने त्यांचा दंड धरला. त्या नळीतलं पाणी पाण्यात परत ओतायचं नसतं, त्यात औषध असतं. दाजींनी नळीला बूच लावलं, रुमालात गुंडाळून ती वरच्या खिशात ठेवली. एवढ्या समुद्राला चमचाभर औषधाने काय होणार होतं? तरी मी त्यांच्या खिशाचं बटण लावून दिलं. आम्ही तिघं हळूहळू कोरड्या वाळूकडे निघालो.