सगळ्यांच्या सणाची ड्युटी

माझ्या धाकट्या नणंदेइतकी राग आणणारी बाई भिलाईच्या एकाही सेक्टरात सापडणार नाही, आणि हे मी पूर्ण विचार करून लिहिते आहे. इतरांचा राग त्यांच्या वाईटपणामुळे येतो, हिचा चांगुलपणामुळे यायचा, त्यामुळे तो कुठे काढताही येत नसे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं की आमची पोरगी दवाखान्यात सिस्टर आहे आणि कोणालाही नाही म्हणत नाही. मला तेव्हा तो गुण वाटला. तो आजार आहे आणि त्यावर तिच्या दवाखान्यातही औषध नाही, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

आमच्या ह्यांची प्लँटमधली शिफ्ट आणि तिची दवाखान्यातली ड्युटी, या दोन चक्रांमध्ये मी स्वयंपाक करत असे. ह्यांची शिफ्ट निदान ठरलेली होती. हिची सकाळी एक असायची, दुपारी दुसरी, आणि संध्याकाळी कोणाचा तरी फोन आला की तिसरीच. भर दुपारी चहा-पोळी खाऊन ती मला गुड मॉर्निंग म्हणायची आणि मी मुकाट्याने रात्रीची भाजी चिरायला घ्यायची. नाइट करून आली की डोळ्यांवर ओला टॉवेल टाकून अशी झोपायची की बाजूच्या पंडालमधला लाउडस्पीकर तिला ऐकू येत नसे. पण भिंतीपलीकडचे म्हातारे काका एकदा खोकले की ताडकन उठून भिंतीशी जाऊन विचारायची, "काकाजी, गोली घेतली का?" काका तिकडून हौ म्हणायचे आणि ही पुन्हा झोपायची. मग ब्लॉकमधल्या बायका सुई टोचून घ्यायला यायच्या, कारण सिस्टर घरीच आहे, झोपली तर आहे. मी त्यांना दारातूनच परत पाठवू लागले तेव्हा माझं नाव खराब झालं. तिचं नाव आधीपासून चांगलं होतं, ते आणखी चांगलं झालं.

लग्नाचंही तेच. तिला पाहायला एकदा नागपूरकडची चांगली मंडळी येणार होती. तिने त्या दिवशीचा ऑफ कोणाला तरी देऊन टाकला होता, त्यामुळे ती आली ती युनिफॉर्मवर, उशिरा आणि घामाघूम. मी पोह्यांच्या बशा धरून उभी, मुलगा खाली मान घालून बसलेला, आणि हिची नजर मुलाच्या वडिलांच्या चेहऱ्यावर. दोन मिनिटांत ती आतून बीपीचं यंत्र घेऊन आली. मोजलं, पुन्हा मोजलं, आणि होणाऱ्या सासऱ्याला सांगितलं की पोहे खाऊ नका, तुम्ही आधी कॅज्युअल्टीत चला. पाहुण्यांना ती तिथे घेऊनही गेली. गृहस्थ बरे झाले, दिवाळीला त्यांचा आशीर्वादाचा फोन आला, आणि मुलाचं लग्न दुसरीकडे ठरलं. सासूबाई आठवडाभर रडल्या. ही म्हणाली, माणूस तर वाचला ना.

पण माझं डोकं खरं फिरायचं ते सणांवरून. भिलाईत देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतली माणसं आहेत, आणि तिच्या वॉर्डातही होती. केरळच्या सिस्टरला ओणमला सुट्टी हवी, बंगालच्या सिस्टरला पूजेला, बिहारच्या सिस्टरला छठला, आणि इथल्या छत्तीसगढी सिस्टरांना तीजाला, म्हणजे आपल्या हरतालिकेला, कारण तीजाला लेक माहेरी गेलीच पाहिजे. आणि प्रत्येकीच्या सणाची ड्युटी आमच्याकडची. बदल्यात डबे यायचे. कधी पायसम, कधी नारळाचे लाडू, कधी ठेकुआ, कधी ठेठरी-खुरमी. आमच्या फ्रिजमध्ये सगळ्यांचे सण असायचे, आमचाच तेवढा नसायचा, कारण आमच्या दिवाळीला वॉर्डातल्या निम्म्या जणींची दिवाळीच असायची आणि उरलेल्यांची मुलं आजारी पडायची. मग लक्ष्मीपूजन हिच्या ऑफच्या दिवशी. शेजारी आकाशकंदील उतरवत आणि मी घामाने निथळत दुसऱ्यांदा चकल्या तळत असे. ठेकुआचा डबा उघडला की मी झाकण ओट्यावर आपटायची. म्हणायचं असायचं की तुमच्या ठेकुआत घाला तूप. पण मी ते खायचीही, कारण चांगले व्हायचे.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण तिला शिक्षिका व्हायचं होतं. तिने नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा केला होता, आणि तेवढ्यावर माणूस जन्मभर वॉर्डातच राहतो. पोस्ट बेसिक बीएस्सी झाली तर नर्सिंग कॉलेजात शिकवता येतं. ही गोष्ट तिने फक्त मला सांगितली होती, तीही कणीक मळताना, कोणी ऐकत नाही ना ते पाहून. प्रवेशपरीक्षेचं पुस्तक ती पिठाच्या डब्यामागे ठेवायची. मी पोळ्या लाटायची आणि तिला प्रश्न विचारायची. हाताची सगळी हाडं मला अजून पाठ आहेत, आणि त्यांचा मला काडीचा उपयोग नाही. तिला एकही उत्तर चुकत नसे. आणि दरवर्षी परीक्षेच्या दिवशी कोणाचं तरी लग्न, कोणाचं तरी बाळंतपण आडवं यायचं, आणि ही युनिफॉर्म चढवून ड्युटीवर. माझ्या मनात त्या सगळ्या सिस्टरांबद्दल असा राग साठला होता की समोर आल्या असत्या तर मी कोणाचाच मुलाहिजा ठेवला नसता.

त्या वर्षी शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. परीक्षा लांबत लांबत आली ती नेमकी तीजाच्या आदल्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी इथल्या बाया माहेरी पोचून कारल्याची भाजी आणि भात खातात, आणि दुसऱ्या दिवशी निर्जळी उपास धरतात. दोन दिवस आधी मी पाहिलं तर ही युनिफॉर्मला इस्त्री करत होती. विचारलं, तर म्हणाली की एका छत्तीसगढी सिस्टरची परवाची सकाळची ड्युटी घेतली आहे.

"तिची माय तिले घ्याले येऊन राहिली, वहिनी. तिले नाई कसं म्हणू? परीक्षा तं दरसाल होते."

"परीक्षा दरसाल होते. तुझं वय थांबून राहिलं का?"

ती इस्त्री करत राहिली. मी स्कूटर काढली आणि सरळ भिलाईतल्याच मरोद्याला गेले, केरळच्या सिस्टरकडे. तिच्या ओणमच्या आणि ख्रिसमसच्या ड्युट्या आमच्या घरून गेल्या होत्या, म्हणून सुरुवात तिच्यापासून. वाटेत मी हिंदीत भाषणाची तयारी केली. माझं हिंदी भांडणात चांगलं चालतं. दार उघडताच मी सुरू झाले: तुम्हा सगळ्यांना लाज कशी वाटत नाही, एका पोरीचं आयुष्य तुम्ही तुमच्या सणांत वाटून खाल्लं. ती बिचारी केसांना तेल लावून उभी. माझं संपेपर्यंत तिने ऐकलं, आणि मग विचारलं, "कौन सा पेपर, भाभी? उसने तो हमको कभी बोला ही नहीं."

मग कळलं ते असं. वॉर्डात कोणालाच परीक्षेची गोष्ट ठाऊक नव्हती, या वर्षीही नाही आणि आधीही नाही. उलट सगळ्यांचा समज होता की हिला घरी करमत नाही, म्हणून ही स्वतःहून ड्युटी मागून घेते. लग्नाची, बाळंतपणाची ड्युटीही हिने स्वतः पुढे होऊन घेतली होती. केरळच्या सिस्टरने तिथल्या तिथे इनचार्जला फोन करून परवाची ड्युटी आपल्या नावावर घेतली आणि मला चहा पाजला. इतक्या वर्षांचा राग घेऊन मी आले होते आणि तो ठेवायला त्या घरात जागाच नव्हती. परत येताना तो सगळा नणंदेकडे वळला.

परीक्षेच्या दिवशी मी तिला बसमध्ये घालून रायपूरला नेलं. वाटभर मी बोलले नाही, कारण बोलले असते तर कंडक्टरने गाडी थांबवली असती. केंद्राच्या फाटकाशी मुलींची रांग होती, विशी-पंचविशीच्या, हसणाऱ्या. ही रांगेत लागेना. मी दंडाला धरलं तर दंड गार. आता मात्र मी भर रस्त्यात फुटले. विचारलं की कोणाला फसवलंस, मला का स्वतःला, आणि मी पिठाच्या हाताने पुस्तक धरून उभी राहिले ते कशासाठी.

ती खाली पाहून म्हणाली, "मले भेव वाटते, वहिनी. ड्युटीवर असली तं कोणी विचारत नाई, तुले येते का म्हणून. पेपरात नाई आलं तं मंग माह्याजवळ काय राहीन?"

दुसऱ्याच्या बापाचं बीपी दोनदा मोजणारी ही बाई. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. तिच्या केसांची पिन नीट करत मी म्हटलं, "नापास झाली तं होजो. घरी मी सांगीन पेपर कठीण होता. पण आता अंदर जाय."

ती गेली. पुढे ती पास झाली, आता रायपूरच्या होस्टेलात त्याच हसणाऱ्या मुलींबरोबर राहते, आणि मी रविवारी फोन केला की अभ्यास आहे म्हणून ठेवून देते. कोणालाही नाही न म्हणणारी ती आता मला फोनवर नाही म्हणते. मग मी माझ्या रिकाम्या स्वयंपाकघरात जाते, जिथे आता चकल्या एकदाच तळायच्या असतात. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मला काहीच ठाऊक नव्हतं. मी फाटकासमोरच्या कडुनिंबाखाली बसले होते, आसपास मुलींचे आईबाप डबे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलेले. शेजारचे एक गृहस्थ माझ्याकडे पाहून म्हणाले, "बिटिया का पेपर है?"

तिच्यामाझ्यात फार तर चार-पाच वर्षांचं अंतर आहे. दुसरा कुठला दिवस असता तर मी त्या गृहस्थांना सोडलं नसतं. मी फाटकाकडे पाहिलं आणि म्हटलं, "हां. हमारी ही है."