कोहळ्याची खीर

आमच्या गोंदियातल्या कंपनीला भाजीपासून एक नवा गोड पदार्थ बाजारात आणायचा होता. मी कोहळ्याच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या खिरीचे कप घेऊन अर्जुनी मोरगावच्या एसटीत बसले होते. चाखणारे सगळे आतापर्यंत तोंडदेखलं ‘छान’ म्हणाले होते.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ बायकोचा हात धरून बसले होते. तिला आता काहीच आठवत नाही, असं त्यांनी सांगितलं. मी एक कप त्यांना दिला. त्यांनी आधी तिलाच चमचाभर भरवलं. भरवताना त्यांचंही तोंड नकळत उघडलं.

“ही आता खोटं नाई बोलत, बेटी,” ते म्हणाले. “आवडलं नाई त थुकून देते.”

तिनं गिळलं आणि पुन्हा तोंड उघडलं. मला फार बरं वाटलं.

कप संपत आला तेव्हा त्यांनी चमचा चाटला आणि ते थबकले.

“कोहळं हाये का हे? जिनगीभर हातबी नाई लावला हिनं. मी घरी आणलं त भांडत जाये मायासंग.”

ते हसले. मग तिच्याकडे वळले.

“भांड ना वं,” ते हळूच म्हणाले, आणि त्यांनी शेवटचा चमचा भरला.