गरम म्हणायचं नाही

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या आमच्या स्वयंपाकघरात चहा करत होतो. निदान माझी तशी समजूत होती. गॅसवर होतं ते रिकामं पातेलं. धुळ्याहून भाचा "मामा, आई गेली" एवढंच म्हणाला आणि मागून आमची ही ओरडत आली, "अहो, काय जाळताय?" पातेल्याचं बूड काळंनिळं झालं होतं. दिवसकार्याला येईल त्याला मी हे रंगवून सांगितलं. दुःखाच्या घरात कुणीतरी हसवायला लागतं, आणि आमच्याकडे ते खातं पहिल्यापासून माझं. "फोन आला अन् पाणी घालायचंच राहिलं..." सगळ्यांनी समजुतीनं माना हलवल्या.

सुमनअक्का माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा चूल तिच्या वाट्याला आली आणि मीही. तिच्यापुढे सरसकट "गरम कर" म्हणायची सोय नव्हती. "गरम त वारा बी ऱ्हास, भाऊ! दूधले काय करतस ते सांग." गरम तर वाराही असतो, म्हणून प्रत्येकाला वेगळा शब्द. मग मी पाढ्यासारखं म्हणायचो : दूध तापवायचं, लोणी कढवायचं, भाताला आधण ठेवायचं, आंघोळीचं पाणी ऊन करायचं, वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, रवा परतायचा. चुकलो की चहा नाही. मला खोकला झाला की ती ओव्याची पुरचुंडी तव्यावर ठेवून माझी छाती शेकायची. आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची, मगच मला.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ती माहेरपणाला आमच्याकडे आली. अंगणात चुलीवर मांडे भाजायचं खापर पालथं घातलं होतं. तिनं पाणी शिंपडून चर्र आवाज ऐकला, पुरण भरलेला कणकेचा गोळा दोन्ही हातांवर घेतला आणि फिरवत फिरवत मांड्याची पातळ पोळी कोपरापर्यंत आणली. खापराकडे वळली... आणि थांबली. मांडा हातांवरून लोंबत होता. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "भाऊ, आता हे... गरम करायचं ना?"

"नाही अक्का, दोरीवर वाळत घालायचं!" मी म्हणालो. सगळं अंगण हसलं. ती हसली नाही. जत्रेत हात सुटलेलं पोर बघतं, तशी माझ्याकडे बघत राहिली. मांडा मधोमध फाटला आणि पुरण चुलीत पडलं. त्या करपट वासात मी आणखी एक विनोद केला.

पुढे फोनवर सगळंच "गरम" व्हायला लागलं. "काय करतेस अक्का?" "गरम करतेय." "काय?" "...ते." मी घाईनं हवापाण्यावर यायचो. भाच्यानं सिलिंडर बंद ठेवायला सुरुवात केली. शेवटी ती न्यूमोनियानं गेली, आगीनं नाही, याचंच सगळ्यांना हायसं वाटलं.

आता खरं सांगतो. पातेलं फोनच्या आधीपासून जळत होतं. फोन वाजला तेव्हा मी त्याच्याकडेच बघत होतो, आणि त्यात काय घालायचं ते मला आठवत नव्हतं.

तेव्हापासून रोज सकाळी मोरीत मी अक्काचा पाढा पुटपुटतो. परवा ही दाराशी उभी होती. "कसला मंत्र हा?" म्हणाली. मी सगळं सांगून टाकलं, ओव्याच्या पुरचुंडीचं, फोनचंसुद्धा. वाटलं, हसेल. हसली असती तर बरं झालं असतं. "परत म्हणा," म्हणाली. दूध, लोणी, आधण, पाणी, वांगी, रवा... सहा झाले. मी पाढा पाठ झालेल्या पोरासारखा ऐटीत थांबलो.

तिनं तेच काळ्यानिळ्या बुडाचं पातेलं ओट्यावर घेतलं, दूध ओतलं आणि गॅस लावला. माझ्याकडे पाठ करून ती दूध तापवू लागली.

"छाती शेकायची राहिली," ती म्हणाली. आणि मग, "राहू द्या. तेवढी मी लक्षात ठेवते."