सप्लाय नसलेला प्रिंटर

भूतखेत, करणी, अंगात येणं — असल्या गोष्टींचा मला पहिल्यापासून राग आहे. नुसता अविश्वास नाही, राग! ह्या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते ते दुपारचा टाइमपास म्हणून, आणि निम्म्या लोकांना मनातल्या मनात शिव्या घालते. त्यामुळं आज मीच लिहायला बसलेय हे बघून आमचे हे गालातल्या गालात हसतायत. हसू देत. त्यांचा भाऊ खांबावर चढत नाही.

नीट सांगते. आम्ही लोहाऱ्याचे. तहसीलच्या मागच्या गल्लीत घर आहे आणि पुढच्या खोलीत माझं काम चालतं — ऑनलाइन अर्ज भरून देणं, पासपोर्ट फोटो, लग्नाचे बायोडाटा. एक कॉम्प्युटर आणि एक कलर इंकजेट प्रिंटर, शाईच्या टाक्यांचा, घरगुती. आमच्या पाठीमागच्याच घरात माझा धाकटा भाऊ सिद्धू राहतो. तो झिरो वायरमन आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते — नोकरीला असतो तो वायरमन, आणि त्याच्या जागी खांबावर चढतो तो झिरो. कागदावर नाव नाही, विमा नाही, उद्या काही झालं तर "हा आमचा माणूसच नाही" म्हणायला सगळे मोकळे. घरात बायको महानंदा आणि आत्ता कुठं पाऊल टाकायला लागलेली पोरगी. मी त्याच्यापुढं किती डोकं फोडलं, सोड बाबा हे काम म्हणून. "अक्का, खाली माझं मन लागत न्हाय," म्हणतो आणि दात काढतो.

तर उन्हाळ्यात प्रिंटरनं छळायला सुरुवात केली. कागद अर्ध्यावर आला की बंद. परत चालू केला की हिरवा लाइट लुकलुक करायचा, आतलं शाई सोडणारं हेड डावी-उजवीकडं खर्रर्र करत फिरायचं, आणि पुन्हा ठप्प. एका मावशीच्या अर्जावर त्यांचं नाव छापून आलं आणि आडनाव आत अडकलं. शेवटी एका दुपारी तो चालूच होईना.

मी काही रडत बसणारी नाही. एक्स्टेन्शन बोर्ड काढून वायर थेट भिंतीच्या सॉकेटला लावली. त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघितला, चार्ज होत होता. म्हणजे सॉकेट ठीक. वायर बदलली, आमच्या जुन्या रेडिओची तशीच दोन पिनांची असते ती लावली. तरी नाही. प्लग काढून पॉवरचं बटन बराच वेळ दाबून धरलं, त्यानं आतला उरलासुरला करंट निघून जातो म्हणतात. काही नाही. मग सिद्धूला हाक मारली.

तो मीटर घेऊन आला. वायरीच्या टोकाला करंट पुरा येत होता. प्रिंटरच्या मागच्या बाजूला एक छोटी डबी असते, तीच त्याचा पॉवर सप्लाय — घरातला करंट घेऊन मशीनला सोसेल तेवढाच आत सोडते. सिद्धूनं स्क्रू काढून ती डबी बाहेर ओढली, मीटर लावला आणि मान हलवली.

"गेली अक्का ही. आत येतंय, भाईर काईच न्हाय."

"नीट कर मग."

"हितं न्हाय व्हायची. उद्या कामावरनं तसाच उमरग्याला जातो, मेकॅनिकला दावतो." त्यानं डबी आपल्या हत्यारांच्या पिशवीत टाकली आणि प्रिंटरवर थाप मारली. "तवर ह्यो नुसता डबा. ह्याच्यावर पापड वाळू घाल."

हे नीट लक्षात घ्या. प्रिंटरमधून पॉवर सप्लाय काढला होता. मागं नुसतं भोक होतं आणि त्यातून एक तार लोंबत होती. मी त्यावर टॉवेल टाकून ठेवला. संध्याकाळी वादळ आलं, झाडं पडली, आणि गावातली लाइट गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी दुपारीही लाइट नव्हती. ऊन मी म्हणत होतं. कामाला कुणी येणार नव्हतं, म्हणून पुढच्याच खोलीत फरशीवर बसून ज्वारी निवडत होते. हे शाळेत शिकवायला गेले होते. सिद्धू सकाळीच बाहेर पडला होता, गावाबाहेरच्या एका वस्तीवर वादळानं तार तुटली होती ती जोडायला.

आणि टॉवेलखालून आवाज आला. खर्रर्र… टक. खर्रर्र… टक.

हेड फिरायचा आवाज. रोज ऐकते मी तो, त्यात माझी चूक होणारच नाही. आधी वाटलं उंदीर शिरला. टॉवेल उचलला तर हिरवा लाइट लागलेला, आणि आत हेड इकडून तिकडं, तिकडून इकडं. मी वर बघितलं. पंखा बंद. बटन दाबून पाहिलं, ट्यूब लागेना. प्रिंटर फिरवून मागं बघितलं — भोक तसंच, तार लोंबत होती, कशालाच न लावलेली. मी खुळ्यासारखं त्या भोकात बोटसुद्धा घालून बघितलं.

आता खरं सांगते, मला भीती वाटली नाही. मला संताप आला. मला वाटलं, ह्या सिद्ध्यानं आत कसली तरी बॅटरी बसवून माझी गंमत केलीय. लहानपणापासूनचा उपद्व्यापी आहे तो. थांब म्हटलं, दाखवते तुला. फोन लावला. उचलला नाही. परत लावला. परत नाही. तो खांबावर असताना फोन घेत नाही हे मला माहीत आहे, पण राग आला की मी कुणाचं ऐकते होय? मी लावतच राहिले. इकडं त्या डब्याचं खर्रर्र-टक चालूच.

शेवटी उचलला. धापा टाकत होता.

"काय झालं अक्का? आईला काय झालं का?"

"आईला कशाला काय होतंय! तू प्रिंटरात काय घालून ठेवलास ते सांग आधी!"

"प्रिंटर? अगं ह्या प्रिंटरसाठी मला खांबावरनं खाली उतरवलीस व्हय? निम्मी तार जोडली हुती म्या! मला वाटलं घरात कोण गेलं का काय —"

आणि तेवढ्यात फोनमधून तडतड असा आवाज आला, माणसं ओरडल्याचा आवाज आला, कुणीतरी "सरक! सरक मागं!" म्हणून बोंबललं. मग नुसती खरखर. मी "सिद्धू, सिद्धू" करत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे, मग त्याचा आवाज आला, एकदम बारीक.

"अक्का… तारंत करंट आला."

खाली लोंबणारं तारेचं टोक बांधावरच्या गवतात पडलं होतं आणि ते गवत पेटलं होतं. खाली उतरायच्या आधी ती तार तो दोन्ही हातांनी धरून होता.

करंट कुठून आला ते नंतर कळलं, त्यात काही गूढ नाही. डीपीवरचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचे, फ्यूज सिद्धूच्या लोकांनी काढून ठेवले होते, त्या बाजूनं लाइन बंदच होती. पण पुढच्या एका शेतात कार्यक्रम होता. त्यांनी लाइट नाही म्हणून जनरेटर आणला आणि घरातला मेन स्विच न पाडता तसाच जोडला. तो करंट उलटा लाइनीत आला. खरं तर काम करायच्या आधी तारांवर लोखंडी साखळी टाकून ती जमिनीत उतरवायची असते, म्हणजे असा चोरपावलांनी करंट आला तरी वरच्या माणसाला लागत नाही. पण फ्यूज काढलेत म्हटल्यावर आमच्याकडं साखळी टाकतं कोण! "उगं टाइम जातो."

फोन ठेवून मी मागं वळले तेव्हा प्रिंटर बंद होता. कधी बंद झाला ते मला ठाऊक नाही.

सिद्धू घरी आला तो चेहरा पांढराफटक घेऊन. पाणीसुद्धा न पिता त्यानं प्रिंटर खोलला. आत बॅटरी नव्हती. काहीच नव्हतं. डबी त्याच्या पिशवीतच होती, आदल्या दिवसापासून. दोन दिवसांनी तो सगळं मशीन घेऊन उमरग्याला गेला. मेकॅनिकनं नवा सप्लाय लावून बघितला, तरी लाइट लागेना. आतला मुख्य बोर्डही जळालाय, भंगारात घाला म्हणाला. आमच्या ह्यांचं म्हणणं, कपॅसिटरमध्ये चार्ज राहिला असेल. अहो, आदल्या दुपारपासून? आणि त्या उरलेल्या चार्जवर हेड एवढा वेळ फिरतं? शाळेत विज्ञान शिकवतात, पण माझ्याशी वाद घालताना त्यांचाही आवाज जरा खाली येतो.

इथपर्यंत असतं तर मी हे लिहिलंच नसतं. देवानं वाचवलं म्हणून गप्प बसले असते. पण खरा घोर त्यानंतर लागला.

सिद्धूनं प्रिंटर भंगारात घालू दिला नाही. महानंदानं त्याला हळद-कुंकू लावलं, मी पुसलं, तिनं परत लावलं. आणि सिद्धू रोज खांबावर चढायच्या आधी मला फोन करायला लागला. "अक्का, गप हाय का त्यो?" मी म्हणायचे, गप आहे. मग तो चढायचा. पहिले काही दिवस मला बरंच वाटलं. मग एकदा त्याच्या बरोबरीचा एक पोरगा अर्ज भरायला आला आणि सहज बोलून गेला की सिद्धू आता साखळीची पिशवीच नेत नाही. "म्हणतो, आमच्या अक्काचा प्रिंटर हाय की."

संध्याकाळी मी सिद्धूला धरून विचारलं तर हसायला लागला. "अगं त्यो सांगतोय ना आधी. मग कशाला वझं वागवू?" मी भांडले, आईची शप्पथ घातली, महानंदासमोर त्याच्या थोबाडीत मारली. ऐकतोय कुठं! फेकून द्यावा तो डबा तर धीर होत नाही. समजा फेकला, आणि त्याच दिवशी…? तुमचा होईल का धीर?

मग मी खोटं बोलायला लागले. त्याचा फोन आला की म्हणते, "लागलाय रे लाइट. आवाज येतोय. साखळी टाक." मग तो पळापळ करतो, कुठून तरी साखळी आणतो, टाकतो. काही होत नाही. तार मेलेलीच असते. संध्याकाळी घरी येतो. त्याच्या पोरीला घेऊन आमच्या दारात उभा राहतो, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसते.

तो प्रिंटर त्या दुपारी का लागला, मला माहीत नाही. कशावर लागला तेही नाही. मी त्याच्यासमोर बसून विचारूनसुद्धा बघितलंय, हसू नका. तो काही बोलत नाही. त्या दिवसानंतर तो एकदाही लागलेला नाही.

परवा सिद्धूचा फोन आला. मी नेहमीसारखं म्हटलं, लागलाय.

"अक्का, रोजच कसा गं लागतोय?"

"लागलाय म्हणते ना मी!"

"बरं बरं," म्हणाला, आणि हसला. संध्याकाळी घरी आल्यावर त्यानंच सांगितलं, त्या दिवशी त्यानं साखळी टाकली नाही.