मामांचं मीडिया सेंटर

"गाणं गेलं! भाचे, बाहेर या जल्दी! तुमच्या कॅसेटमधलं गाणं गेलं!"

स्कूटर अजून चालूच होती. मामांचा एक पाय जमिनीवर होता, दुसरा कुठं होता ते त्यांनाही माहीत नसावं. आवाज मात्र आमच्या पुढच्या दारानं आत येऊन मागच्या दारानं बाहेर पडला होता. रविवारची सकाळ होती. जुन्या जालन्यातली आमची गल्ली एवढी अरुंद, की एका घरात फोडणी दिली की शिंक समोरच्या घरात. त्या हाकेनं दोन्हीकडच्या खिडक्या उघडल्या.

"गाणं कसं जाईल, मामा?"

"आईची शपथ, म्या काय केलं न्हाई! कॅसेट घातली, चित्र बराबर आलं, बिलकुल काचेसारखं. अन् आवाज लावला तर गाणंच न्हाई. नुसती लोकांची कलकल. ताटं वाजून राह्यली, लेकरं रडून राह्यली, अन् कुणीतरी माणूस माइकवर बोलून राह्यला. म्या घाबरून बंदच केलं."

आई आत भाकरी थापत होती. पिठाच्या हातानं तशीच दारात आली.

"काय बोलून राह्यला तो माणूस?"

"ऐकलं न्हाई, ताई. पण तुम्ही फिकीर करू नका. दोन रोज द्या, गाणं परत आणतो, त्या माणसाला काढून टाकतो."

"त्या माणसाला हात लावायचा न्हाई," आई म्हणाली.

मामा आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. फॉल-अस्तरचं दुकान होतं त्यांचं. भाचे मात्र अख्खं जालना. मी एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत कारकून, सकाळी निघताना त्यांच्या दुकानावरून जायचो, म्हणून मी जरा जवळचा भाचा. तुमच्याही गावात असा एक मामा असणार, ज्याला दुकानात बसवत नाही आणि गिऱ्हाईक आलं की राग येतो. आमच्या मामांना गिऱ्हाइकाचा राग यायचा, कारण त्यांचं चित्त घरी असायचं. घरी त्यांचा कम्प्युटर शिजवत असायचा.

शिजवत म्हणजे काय, ते सांगतो. दोन हजार तीन-चारचा सुमार. लोकांकडे कम्प्युटर आले होते, पण ते टेबलावर झाकून ठेवायचे. मामांनी आपला कम्प्युटर उचलून थेट टीव्हीला जोडला. कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून मीडिया सेंटर नावाचं सॉफ्टवेअर चढवलं आणि एके दिवशी त्यांच्या टीव्हीवर निळा पडदा आला: सिनेमे, गाणी, फोटो, अशी ओळीनं नावं. रिमोटचं बटण दाबलं की हवं ते सुरू. ना सीडी बदलायची, ना कॅसेट मागं फिरवायची. गल्लीनं ते पाहिलं आणि त्या दिवशी कित्येक घरांत दूध उतू गेलं.

जुन्या कॅसेटी त्या कम्प्युटरच्या पेटीत भरायच्या, मग जागा कमी लागावी म्हणून त्या आकसून ठेवायच्या, याला तेव्हा फार वेळ लागायचा. लग्नाची एक कॅसेट म्हणजे दिवसभराचं काम. मध्ये कुणी "झालं का?" विचारलं की मामा हात वर करून म्हणायचे, "शिजू द्या. कच्चं खाल तर पोट दुखंल." त्या कम्प्युटरचा पंखा सुरू झाला की वाड्यातली धुणी वाळायची. आवाज मोठा केला की मोंढ्यातली कबुतरं उठून थेट भोकरदनला जाऊन बसायची. रिमोटवर प्लॅस्टिकची इतकी आवरणं, की बटण दाबल्याचं आत कळेपर्यंत बाहेर जेवणं उरकायची. तुम्ही म्हणाल, हा थापा मारून राह्यला. मारतोय थोड्या. पण पुढं जे सांगणार आहे त्यात एकही नाही.

माझ्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मांडवात भाषण केलं होतं. बापूंना माइक दिसला की भाषण व्हायचंच. त्या भाषणात बापूंनी आईचं नाव घेतलं, असं आई सांगायची. तिच्या तोंडून हे आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं, की ते ऐकू येणं बंद झालं होतं.

नाव घेतलं यात काय मोठं, असं नव्या मंडळींना वाटेल. आमच्याकडे नवरा बायकोला नावानं हाक मारत नसे. बापूंनी जन्मभर आईला "ऐकलं का" एवढंच म्हटलं. आईला नाव आहे हे मला शाळेत गेल्यावर कळलं. आणि आईचं म्हणणं असं, की बापूंनी चारशे-पाचशे माणसांसमोर, माइकवर, तिचं नाव घेऊन सांगितलं: पोरगी शिकली ती हिच्यामुळं.

हे काकांना मान्य नव्हतं. काका केदारखेड्याला शेती बघायचे. पुढं बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली आणि काका दर लग्नात, दर बारशात मिशीवर हात फिरवून सांगू लागले, "पोरीला मास्तरीण म्या केली." आईनं बापूंच्या भाषणाचं काढलं की म्हणायचे, "वहिनी, दादा असं काही बोललाच न्हाई. म्या स्टेजवरच होतो." बापू तर वारलेले. विचारणार कुणाला?

आता तुम्ही म्हणाल, कॅसेट होती ना? होती. पण आपले लग्नाचे शूटिंगवाले तुम्हाला माहीत आहेत. त्यांना माणसांचं बोलणं म्हणजे कचरा वाटायचा. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळ्यावर गाणी. बापूंच्या अख्ख्या भाषणावर त्या गड्यानं एक विरहाचं गाणं चढवलं होतं. बापू हात वर करून आभार मानतायत आणि आत एक बाई 'सजना, ये ना' म्हणून रडतेय! आम्ही भावंडं ते लावून लोळून हसायचो. आई हसायची नाही. ती टीव्हीच्या जवळ जाऊन बापूंच्या ओठांकडे बघत बसायची.

वर्षानुवर्षं कपाटात पडून त्या कॅसेटला बुरशी लागली. निदान चित्र तरी वाचावं म्हणून मी ती मामांकडे टाकली. मामींनी कापसानं पुसपुसून साफ केली आणि मामांनी ती आपल्या नव्या व्हीसीआरमध्ये घातली. हा व्हीसीआर कुणा मित्राच्या भावानं आखातातून आणलेला, भारीतला. त्यातून गाणं गेलं आणि माणूस आला.

असं का झालं, ते पुढं एका शूटिंगवाल्यानं समजावलं. त्या कॅसेटवर आवाजाच्या दोन पट्ट्या होत्या. एक कडेची साधी, एक चित्राच्या पोटातली. गाणं भरलं ते कडेच्या पट्टीवर. पोटातली तशीच राहिली. साधा व्हीसीआर कडेचीच पट्टी वाजवतो, भारीतला पोटातली वाजवतो. मामांना यातलं काहीही माहीत नव्हतं. त्यांच्या हातून बापू चुकून सापडले होते आणि ते त्यांना पुसून टाकायला निघाले होते!

आम्ही तिघं तसेच मामांच्या घरी गेलो. मामांनी कॅसेट उजेडात धरली आणि त्यांचं तोंड उतरलं.

"ताई, टेप झडून राह्यली. अजून एकदा चालंल, दुसऱ्यांदाचा भरवसा न्हाई. कम्प्युटरात भरताना जे येईल ते येईल. बसा तुम्ही, ऐका."

मी खुर्ची पुढं ओढली. आई बसली नाही.

"मी ऐकणार न्हाई," ती म्हणाली. "माझे दीर येतील, त्यांच्यासमोर ऐकीन. आज मी ऐकलं अन् सांगितलं तर ते पुन्हा माझंच सांगणं झालं."

आणि ती मामींकडे स्वयंपाकघरात जाऊन लसूण सोलत बसली. मलाही तिनं आत ओढलं.

मामांनी टीव्हीचा आवाज बंद केला, कानाला हेडफोन लावला आणि दार लोटलं. त्या वेळी आमच्याकडे भारनियमन असं, की वीज पाहुण्यासारखी यायची आणि चहा न घेता जायची. मध्येच गेली. मामांनी तयारी केलेली होती: एका ट्रकवाल्या मित्राची बॅटरी इन्व्हर्टरला जोडून ठेवली होती. पेटी बंद पडली नाही. बाहेर तो ट्रक मात्र मालकासकट दुपारभर उभा.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. मामा बाहेर आले. डोळे लाल. आई लसणाची पाकळी हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली. विचारलं नाही तिनं. मी विचारलं.

"शिजू द्या," मामा म्हणाले आणि स्कूटर काढून निघून गेले.

आता मला सांगा, मामा काय माणूस होता? शेजारच्याला जुलाब झाले तर औषध पोचायच्या आधी मामांची बातमी मंठ्याला पोचायची. अशा माणसानं रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंत ती गोष्ट पोटात ठेवली. दुकानावरून जाताना मी रोज थांबायचो. मामा अस्तराच्या ताग्यामागं तोंड लपवायचे. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, मामा आजारी आहेत, दोन दिवस ओरडलेच नाहीत.

पुढच्या रविवारी आईच्या निरोपावरून काका मामांकडे आले. धोतर, टोपी, कडक इस्त्री. त्यांना वाटलं, पुतणीच्या लग्नाची जुनी मजा बघायची आहे. मामांनी त्यांना टीव्हीसमोर मधोमध बसवलं, मामींनी चहा दिला. आई दाराला टेकून उभी राहिली. मामांनी रिमोट उचलला. निळ्या पडद्यावर सगळ्या सिनेमांच्या वर बापूंचा फोटो होता.

बापू बोलायला लागले. बापूंनी पाहुण्यांचे आभार मानले, मांडववाल्याचे मानले, आचाऱ्याचे, टँकरवाल्याचे, जनरेटरवाल्याचे. जनरेटरवाल्याच्या काकांचेही मानले. आमचे काका खुशीत मान डोलवत होते. मग बापू जरा थांबले.

"आता एक सांगतो. पोरगी धावी झाली तवा म्या म्हणलो, बस्स. माझा हा भाऊबी म्हणला, उजवून टाका. चंद्रकला एकटी आडवी आली. म्हणली, आधी शिकंल, मंग लगीन. आज पाव्हण्यांनी शिकलेली पोरगी म्हणून मागणी घातली. तर मंडळी, हे लगीन चंद्रकलाचं हाये. म्या निस्त्या पत्रिका वाटल्या."

लोक हसले, टाळ्या पडल्या. पडद्यावर बापूंच्या मागं तरणेबांड काका उभे होते आणि तेही टाळ्या वाजवत होते.

मामांनी चित्र थांबवलं. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ तिच्या घड्या सारख्या करत राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "म्या इसरलो होतो."

"व्हतंय तसं," आई म्हणाली. "चहा घ्या, निवून राह्यला."

तेवढ्यात मामांचा बांध फुटला. "आठ दिवस! भाचे, आठ दिवस म्या पोटात ठेवलं! अन्न गोड लागलं न्हाई! अन् आवाज कसा काढला म्हणता? शिजवला, शिजवला, तवा कुठं निघाला!" आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दिवशी मामांनी बापूंना स्वतः जाऊन वरून आणलं असं सांगितलं असतं, तरी मी ट्रकवाल्याची साक्ष काढून दिली असती.

काकांनी त्यानंतर मिशीवर हात फिरवला तो फक्त उसाच्या गप्पांत. आई दर रविवारी धपाटे बांधून मामांकडे जायची. मामा स्वतः न ओरडता ते भाषण लावायचे आणि ती ऐकत असेपर्यंत दाराबाहेर पायरीवर बसायचे. कुणी भाचा सिनेमा बघायला आला तर त्याला परतवायचे. घरात त्यांच्याच टीव्हीसमोर त्यांनाच जागा नसायची. मी आजवर बरेच मोठे लोक पाहिले, काहींशी हातही मिळवला. आमच्या घरावर एवढे उपकार करून पायरीवर बसणारा एकच.

काही वर्षांनी मामा गेले. दुकानातच, बसल्या बसल्या. आम्ही भेटायला गेलो तेव्हा पेटी बंद होती, टीव्हीवर कापड टाकलेलं. त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आई मामींजवळ जाऊन बसली. मग आईनं हळूच विचारलं,

"भाऊ तुला नावानं हाक मारायचे का गं?"

मामींनी डोळे पुसले.

"मारायचे की," त्या म्हणाल्या. "वायर धरायला कुणी लागलं की."