भाऊजी आणि बिनपोटाची गिटार

भाऊजी गिटारीला चिकटले तेव्हा सगळी मंडई टाळ्या वाजवत होती. भर दुपार, समोर जत्रेची गर्दी, आणि मातीच्या ओट्यावर भाऊजी थरथरत उभे. मान मागे गेलेली, गुडघे नाचत होते, दात दिसत होते. लोकांना वाटलं, गिटार वाजवणारे असेच नाचतात. सिनेमात पाहिलं होतं सगळ्यांनी. कोणीतरी शिट्टीही मारली. मी बायकांच्या बाजूला बसले होते आणि मला ते काही खरं वाटेना. वाजवताना भाऊजींनी कधी मान वर केली नव्हती. नजर हलली तर एखादी तार पळून जाईल, अशा बेताने ते खाली पाहत वाजवायचे. आणि दात तर त्यांनी स्वतःच्या लग्नातही दाखवले नव्हते.

भाऊजी म्हणजे माझा धाकटा दीर. आंधळगावात आमची दोन घरं भिंतीला भिंत लागून आहेत. त्यांच्याइतका संशयी माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा झाला नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, जिल्हा काही मी सगळा पाहिलेला नाही, तरी हे मी सांगते आणि ते खरं आहे. चहा समोर आला की भाऊजी तो कपातून बशीत ओतत, बशीतून परत कपात ओतत, आणि तळाशी काय आहे ते पाहिल्यावरच तोंडाला लावत. माझी जाऊ म्हणायची, तळाशी साखर आहे जी, ती बी रेशनची. तिला पाहायला गेले होते तेव्हाची गोष्ट तर तिच्या माहेरी अजून सांगतात. पोहे खाऊन झाल्यावर यांनी तिला नाव विचारलं. निघताना दारात परत विचारलं. मग बैलगाडीत बसले, थोडं पुढे गेले, खाली उतरले आणि आत जाऊन तिसऱ्यांदा विचारलं. तिन्ही वेळा नाव एकच निघालं तेव्हा होकार दिला. एकदा नागपूरला निघाले, तर एसटीत बसताना ड्रायव्हरला विचारलं, मग कंडक्टरला, मग शेजारच्या बाईला, ही गाडी नागपूरलाच जाते ना म्हणून. तिघांनी हो म्हटलं. तिघं एकच गोष्ट सांगतात म्हणजे आधी ठरवून ठेवलेलं असणार, असं वाटून शहापूरला खाली उतरले आणि गाडीवरची पाटी वाचायला पुढे गेले. पाटीवर नागपूरच लिहिलं होतं. वाचून होईपर्यंत गाडी नागपूरला निघून गेली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले की गाडी खरी बोलत होती, हे तरी कळलं.

असा माणूस मेंडोलिन वाजवू लागला की मात्र वेगळा होई. त्या लहानशा वाद्यावर त्यांचा काडीचा संशय नव्हता. तुमसरच्या एका राइस मिलमध्ये एक मुकादम होते, त्यांची गाण्याची पार्टी होती. मुकादम गायचे, एक पेटीवाला, एक ढोलकीवाला, आणि आमचे भाऊजी मेंडोलिनवर. लग्नं, गणपती, आणि दिवाळी झाली की गावोगावच्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा. भाऊजींच्या वाट्याला धानाच्या शेतातल्या दोन बांध्या होत्या, पण त्यांत त्यांचं लक्ष कधीच नव्हतं. शेतकरी म्हणून त्यांना कोणी विचारत नसे, आणि ज्याच्या घरी जाईल त्याचाच चहा तपासणाऱ्याला पाहुणा म्हणून तरी कोण बोलावतो. लोक त्यांना बोलावत ते मेंडोलिनसाठी. ते गेलं असतं तर भाऊजींना उंबऱ्याबाहेर काही काम उरलं नसतं. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

एका पावसाळ्याच्या शेवटी मुकादम नागपूरहून करंटवरची गिटार घेऊन आले. लाल भडक, वर पांढरी पट्टी, आणि सोबत लोखंडी जाळीचं एक मशीन, ज्यातून आवाज निघायचा. ती आमच्या ओसरीत खाटेवर ठेवली आणि भाऊजींना सरळ सांगितलं, "मेंडोलिन आता कोणी ऐकत नाही जी. मंडईपर्यंत हे शिकून घ्या. नाहीतर मी नागपूरहून माणूस आणतो." मुकादम वाईट माणूस नव्हते. लोक जे मागतात ते देत होते.

भाऊजी आठ दिवस तिला शिवले नाहीत. खाटेवर गिटार आणि समोर पाटावर भाऊजी, असे दोघं एकमेकांसमोर बसून राहत. नवव्या दिवशी त्यांनी तिला उलटी केली, वाजवून पाहिली, म्हणजे दारावर वाजवतात तशी, बोटाच्या पेराने. मग मला हाक मारली. "वहिनी, पाहा. हिले पोट नाही. मेंडोलिनले पोट आहे, पेटीले पोट आहे, ढोलकी तर सगळी पोटच. पोट नाही तर ही आवाज ठेवते कुठं?" मी पाहिलं. खरंच पोकळ नव्हती, जेवायला बसायच्या पाटासारखी भरीव होती. मी म्हटलं, आवाज त्या मशीनमध्ये ठेवत असेल. ते म्हणाले, मग वाजवणारा मी कायले पाहिजे, मशीनलेच पाठवा मंडईले.

त्यानंतर रोज एक नवीन तक्रार. तारा सहा आणि हाताला बोटं पाच, म्हणजे एक तार कोणासाठी तरी राखून ठेवली आहे. मशीन बंद असताना वाजवली तर डासासारखी गुणगुणते आणि चालू केली तर गल्लीतली कुत्री पळतात, म्हणजे माणूस पाहून आवाज बदलणाऱ्यांतली आहे. आत रेडिओ लपवला असेल म्हणून त्यांनी सगळे पेच काढले. रेडिओ निघाला नाही, लोहचुंबक निघाला, आणि जावेची शिवणाची सुई त्याला जाऊन चिकटली. ती सुई त्यांनी गावभर दाखवली. आज सुई ओढून घेते, उद्या माह्या हातातला सूर ओढून घेईल, असं त्यांचं म्हणणं. एके दिवशी गिटार मशीनजवळ नुसती टेकवून ठेवली होती, तर ती आपोआप हू हू करून ओरडायला लागली. भाऊजी अंगणात जाऊन उभे राहिले आणि तिथून म्हणाले, मी हात नाही लावला, सगळे साक्षी आहेत. आणि करंट गेला की मग तर त्यांचा आनंद पाहण्यासारखा. लाल गिटार मुकी होऊन पडायची आणि हे ओसरीत मांडी घालून मेंडोलिन काढायचे. म्हणायचे, हे लाइनमनले विचारून नाही वाजत.

पण शिकले. मुकादमांनी नागपूरच्या माणसाचं नाव काढलं होतं ना. शिव्या देत देत शिकले. तिला कधी मांडीवर घेतलं नाही. दुसऱ्याचं रडतं पोर धरावं तशी लांब धरून वाजवायचे. बोटांची कातडी सोलली, परत आली. दसऱ्यापर्यंत चार गाणी बसली, दिवाळीपर्यंत दहा. भिंतीपलीकडून मी ऐकायचे. चांगलं वाजवत होते. हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी असं काहून म्हटलं असेल याचा विचार करत बसले असते.

मग मंडईचा दिवस आला. पार्टीची रीत अशी की पहिलं गाणं सुरू होण्याआधी वाद्यांना हळदकुंकू लावायचं आणि ओट्याच्या कोपऱ्यावर नारळ फोडायचा. त्या दिवशी वाद्यांना कुंकू लागलं, गिटारीलाही लागलं, तिच्यावर ते दिसलं नाही ती गोष्ट वेगळी. मुकादम नारळ घेऊन कोपऱ्याकडे निघाले तर भाऊजींनी अडवलं. "ओट्याचा काय संबंध? आवाज या मशीनमधून येते. नारळ याच्यावरच फोडा, नाहीतर मी हात नाही लावत." मुकादम म्हणाले, अजी, मशीन नवीन आहे. भाऊजी म्हणाले, म्हणूनच. न पूजलेल्या वस्तूचा त्यांना भरवसा नव्हता. लोक खाली बसून ओरडत होते, सुरू करा, सुरू करा. मुकादमांनी घाईघाईत मशीनच्या लोखंडी काठावर नारळ फोडला. तांब्याभर पाणी असेल त्यात. सगळं जाळीतून आत गेलं. भाऊजींच्या तोंडावर त्या गिटारीबद्दल पहिल्यांदा समाधान दिसलं. पूजा झाली म्हणून त्यांनी वहाणा काढल्या, ताज्या शेणसड्याने ओल्या असलेल्या ओट्यावर अनवाणी उभे राहिले, मुकादमांनी मशीनचं बटण दाबलं, आणि भाऊजींनी दोन्ही हातांनी गिटार धरली.

माझा नवरा मुकादमांच्याच मिलमध्ये होता. तिथे एक हमाल करंट लागून मोटरला चिकटला होता, त्याला सोडवायला दुसरा गेला तर तोही चिकटला. घरी हे सांगितलेलं ऐकून मला एवढं ठाऊक होतं की हात लावायचा नाही, वाळल्या लाकडाने मारायचं. शेजारी बांगडीवालीचं दुकान होतं. त्याचा कोपऱ्यातला बांबू मी उपटला. दुकान खाली बसलं आणि बांगडीवाली माझ्यामागे शिव्या देत धावली. मी ओट्यावर चढले तर मुकादम, जे अजून खुशीत होते, मला म्हणाले, "बाई, वाजवू द्या त्याले. आज पहिल्यांदा रंगात येऊन राहिला."

मी डाव्या हातावर मारलं. सुटला नाही. दुसऱ्यांदा जोर लावून मारलं. हाड मोडल्याचा आवाज मला बांबूतून हाताला कळला. गिटार एकीकडे पडली, भाऊजी दुसरीकडे. मशीनमधून धूर निघाला तेव्हा कुठे ढोलकीवाल्याची ढोलकी थांबली आणि पेटीवाल्याने जाऊन वायर तोडली. खाली बसलेल्या लोकांना अजून वाटत होतं की हे दीर-भावजयीचं घरचं भांडण आहे, आणि एक म्हातारी मला सांगत होती, बाई, घरी नेऊन मारायचं होतं. जाऊ मात्र नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळाने भाऊजींनी डोळे उघडले, आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं आणि विचारलं, "नारळ कोणत्या दुकानचा होता?"

तेव्हा मी ओट्यावरून उतरले आणि बांगडीवालीचं दुकान उभं करून दिलं.

हाताचं हाड जुळलं, पण दोन बोटं वाकडी राहिली. पट्टी निघाल्यावर भाऊजींनी पहिल्यांदा मेंडोलिन घेतलं. मी भिंतीपलीकडून ऐकत होते. मेंडोलिनच्या तारा जवळजवळ असतात. एक दाबायला गेलं की वाकडं बोट दुसरीवर पडायचं आणि दोन्ही कुरकुरायच्या. सकाळभर तेच चाललं. मग आवाज बंद झाला. मी भाकरी करत होते, करत राहिले. जाऊन काय सांगणार होते. बोटं तर मीच वाकडी केली होती.

इकडे मुकादमांनी मशीन दुरुस्त करून आणलं आणि नागपूरचा माणूस बोलावला. चांगला उंच, केस वाढवलेला. गावात उतरल्यापासून आमच्या घरापर्यंत येताना त्याला ही कथा सहा जणांनी सांगितली आणि प्रत्येकाने आपल्याकडचं थोडं घातलं. ओसरीत येईपर्यंत भाऊजी दोनदा मेले होते. त्याने लाल गिटार पाहिली, भाऊजींची बोटं पाहिली, पाणी प्यायला आणि त्याच एसटीने परत गेला. त्यानंतर जिल्ह्यातला एकही वाजवणारा तिला शिवायला तयार होईना. मुकादम कपाळाला हात लावून बसले होते. भाऊजी उठले, खाटेवरून गिटार उचलली आणि मांडीवर घेतली. तिच्या तारा ऐसपैस असतात, वाकडी बोटं मावली. मी विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाले, "आता कायची भीती? तिले जे करायचं होतं ते करून झालं."

पुढे दहा-बारा वर्षं त्यांनी ती वाजवली. तुमसरपासून पार साकोलीपर्यंत लोक त्यांना गिटारवाले म्हणून ओळखायचे. चहा तपासणं सुटलं नाही, एसटीची पाटी वाचणं सुटलं नाही, पण गिटारीवर पुन्हा संशय घेतला नाही. मुकादमांचा आवाज बसला तेव्हा पार्टी बंद पडली. तोवर लग्नांत कॅसेट वाजू लागल्या होत्या.

मी एकदाच त्यांना विचारलं की मेंडोलिनची आठवण येते का. दोघंही अंगणात बसलो होतो, मी तांदूळ निवडत होते. त्यांनी तांदळातला एक खडा उचलून उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, "येते ना, वहिनी. हात त्याच्यावरच बसला होता. पण त्यानं मले कधी धरून नाही ठेवलं. हिनं धरलं होतं, सोडत नव्हती."

मी म्हटलं, भाऊजी, तो करंट होता.

"हो," ते म्हणाले, "पण धरलं तर होतं."

मी तांदूळ निवडत राहिले. मारल्याबद्दल ते मला कधी चांगलं बोलले नाहीत की वाईट बोलले नाहीत, आणि मीही विषय काढला नाही. त्या दिवशी ओट्यावर जे होते त्यांतले मुकादम गेले, ढोलकीवाला गेला, पेटीवाला गेला. माझा नवराही गेला. जाऊ आहे, मी आहे, आणि भाऊजी आहेत.